अकोल्याचा कान

तायडे काकांच्या पंच्याहत्तरीला जो गौरव अंक निघाला त्यात माझीही दोन पानं आहेत. 'माझे गुरू' हे शीर्षक संपादकांचं, माझं नाही. त्या दोन पानांत एकही वाक्य खोटं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण जे त्यात आलं नाही ते जागा कमी पडली म्हणून आलं नाही असंही नाही. ते इथे लिहिते. राग आहे आणि तो मी लपवणार नाही. वीसेक वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं की राग लपवायची सवय उरत नाही.

हौशी रेडिओ म्हणजे काय हे दर वेळी सांगावं लागतं, तेव्हा एकदाच सांगून टाकते. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि घरात बसून, स्वतःच्या यंत्रावरून, गच्चीवर बांधलेल्या एका तारेच्या जोरावर लांबच्या माणसाशी बोलायचं. टॉवर नाही, इंटरनेट नाही, मधे कुणी नाही. 'मग मोबाईल कशाला आहे?' हे माझ्या सासूबाईंपासून गॅस सिलिंडरवाल्यापर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी परवाना काढला तेव्हा अमरावतीत मला शिकवणारं कुणी नव्हतं. जो तो एकच सांगायचा, "अकोल्याच्या तायडेंना भेटा."

प्रल्हाद तायडे पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले. अकोल्यात रेल्वे लाइनीपलीकडे त्यांचं बैठं घर होतं. गच्चीवर दोन लोखंडी खांब, खांबांमधे आडवी तार, आणि तारेच्या मध्यातून खिडकीपर्यंत उतरणारी दुपदरी जोडतार. हे दोन पदर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वितीवितीवर आडव्या काड्या लावाव्या लागतात, त्यामुळे ती दोरीच्या शिडीसारखी दिसते. काकांच्या शिडीच्या काड्या होत्या रिकाम्या बॉलपेनच्या नळ्या. निळ्या, लाल, हिरव्या. अकोल्यातल्या निम्म्या कचेऱ्यांमधले बाबूलोक संपलेली पेनं काकांसाठी डब्यात जमवून ठेवायचे. "सरकारी कामात हे पेनं जेवढं खरं नाई बोलले, तेवढं अथी बोलून राहिले," असं काका म्हणायचे.

मी पहिल्यांदा गेले ती माझ्या गच्चीचा नकाशा घेऊन. आलेखाच्या कागदावर, मोजमापांसकट. मला एकच तार लावायची होती आणि तिच्यावर चार-पाच बँड, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या लहरींचे पट्टे, चालवायचे होते, कारण गच्ची लहान आणि शेजारी संशयखोर. पुस्तकं वाचून मी पाच प्रकार काढून ठेवले होते. कुठला निवडू, एवढंच विचारायचं होतं. काकांनी नकाशा पाहिला, घडी केली आणि माझ्याच पर्सवर ठेवला.

"कोनासंग बोलाचं हाये तुले?"

"सगळ्यांशीच," मी म्हणाले.

"सगळ्यासंग बोलनारी तार कोनासंगच धड बोलत नाई. घरी जाय. विचार कर. मंग ये."

मी अमरावतीहून बस बदलत गेलेली बाई. बसच्या तिकिटाएवढा वेळही मला बसू दिलं नाही. सुमनकाकू मात्र दारापर्यंत आल्या, हातावर साखर-शेंगदाणे ठेवले आणि म्हणाल्या, "मनावर घेऊ नको वो. त्याइले घरातलं आयकू येत नाई, सात समुद्रापलीकडचं आयकू येते."

ते मात्र अगदी खरं होतं. काकांचा कान ही आमच्या भागातली दंतकथा होती. ऐकताना ते डोळे मिटायचे, मान डावीकडे कलती करायचे आणि तळहात टेबलावर पालथा ठेवायचे, जणू आवाज लाकडातून येतोय. त्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती असायची, आणि खरखरीतून एखादं नाव हाती लागलं की ते डोळे न उघडता त्या मूर्तीकडे बोट करायचे. सदऱ्याच्या खिशात टेस्टर आणि काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी. तार ते वितीनं मोजायचे, मग टेप लावायचे, आणि चार बोटांपेक्षा जास्त फरक निघाला तर टेपच खराब आहे म्हणायचे.

आमच्यात एक रीत आहे. बोलणं सुरू झालं की आधी एकमेकांना आकडे द्यायचे. पहिला आकडा किती समजतंय याचा, पाचपैकी. दुसरा आवाजाला किती जोर आहे याचा, नवापैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. आता माणूस समोरच्याचं मन मोडत नाही, म्हणून जगभर सगळे सगळ्यांना पाच-नऊ देत सुटतात आणि लगेच 'आपलं नाव पुन्हा सांगता का' असंही विचारतात. काका हे पाप करत नसत. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी परदेशातून तयार अँटेना मागवली होती. रविवारी सकाळी सातला आमचा हजेरीचा कार्यक्रम असतो, काका एकेका गावाला हाक मारतात. त्या रविवारी सगळ्यांनी डॉक्टरांना पाच-नऊ दिले. काकांची पाळी आली.

"डॉक्टरसाहेब, तीन-तीन. थ्या तारेत कुठीतरी पानी शिरलं हाये. आवाज भिजल्यावानी येऊन राहिला."

डॉक्टर दोन महिने हजेरीला आले नाहीत. पावसाळ्यानंतर अँटेना उतरवली तर जोडावरच्या डबीत अर्धा कप पाणी. पेढे घेऊन ते अकोल्याला गेले. तेव्हापासून विदर्भात कुणीही नवी तार लावली की पहिला प्रश्न असायचा, तायडे किती म्हणाले? लोक त्यांच्या हातचा चार-सहा चौकटीत लावून ठेवायचे. मला पहिले चार-सहा मिळाले तेव्हा मी घरात पुरणपोळी केली होती. हे मी गौरव अंकातही लिहिलंय.

त्यासाठी मला वर्ष लागलं. आधी मी काकांचं न ऐकता पुस्तकातला सर्वांत देखणा प्रकार लावला: एकाच जागेतून निघून पसरणाऱ्या चार जोड तारा, प्रत्येक बँडला वेगळी. तिसऱ्याच दिवशी वडाळीच्या रानाकडून वानरांची टोळी आली. आठ तारा म्हणजे त्यांच्यासाठी आठ झोके. एक म्हाताऱ्या तोंडाचं वानर तर चाळीस मीटर बँडच्या तारेवर बसून माझ्या दाण्याच्या चिक्कीच्या ताटाकडे बघत होतं. मी रेडिओवर रडकुंडीला येऊन सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "वांदरानं मत देलं. आता सांग, कोनासंग बोलाचं हाये?" आणि मग त्यांनी मला खरोखर शिकवलं. एकच तार, पेनांच्या नळ्यांची शिडी, खाली जुळवणी करणारी पेटी. तार एक, बँड पाच. नळ्या त्यांनीच पाठवल्या, एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती, लाडूच्या डब्यात. मुलगी सासरी निघाल्यावर देतात तसा तो डबा बांधलेला होता.

आजही ते सगळं मला प्रिय आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

सुमनकाकू गेल्या. मुलानं बैठं घर विकलं आणि काका त्याच्याकडे नव्या वस्तीतल्या फ्लॅटमधे राहायला गेले, चौथ्या मजल्यावर. हजेरीत त्यांनी सांगितलं, "जागा बदलली. तार लावली. बरी हाये." आम्ही बघायला येतो म्हटलं तर, "घर लागलं नाई अजून, मंग या." ते 'मंग' कधी आलंच नाही. त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक येऊ लागला. "वय झालं, पॉवर कमी केली." आणि एक झालं. आपण बोलून थांबलो की काकांचं उत्तर लगेच यायचं नाही, सेकंदभर गप्प, मग बोलणं. आम्ही म्हणालो, काकूंच्या जाण्यानं माणूस मंदावला. कुणाला दुसरं काही सुचलंच नाही.

याच सुमारास कास्देकर गुरुजी आमच्यात आले. धारणीच्या पुढे जंगलातल्या एका गावी ते शाळेत शिकवतात. पावसाळ्यात तिथला रस्ता वाहून जातो आणि त्याच दिवसांत मोबाईलही मरतो. आदल्या वर्षी गावातली एक बाई बाळंतपणात अडली होती, आणि गाडी मागवायला माणूस पायी निघाला तो दुसऱ्या दिवशी पोचला. ती बाई वाचली, मूल नाही. गुरुजींनी हे सांगून झाल्यावर एकच वाक्य जोडलं होतं, "मॅडम, मले लय दूर नाई बोलाचं. फक्त अमरावतीपर्यंत." त्यांनी पन्नाशीत परीक्षा दिली आणि परवाना काढला. काकांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर ज्याला आधीपासून पाठ होतं असा तो एकमेव माणूस मी पाहिला.

आम्ही ठरवलं की पावसाआधी जिल्ह्याच्या साहेबांना प्रात्यक्षिक दाखवायचं. धारणी ते अमरावती, सरळ रेडिओवर. पसंत पडलं तर तिकडच्या आणखी गावांत यंत्रं बसणार होती. आता तार निवडायची. दिवसा एक बँड, संध्याकाळनंतर दुसरा, म्हणजे पुन्हा एका तारेवर अनेक बँडांचा तोच प्रश्न. दोन तारा उरल्या. एक टोकाकडून जोडायची, उंच बांबूवरून चढवलेली. दुसरी शिडीवाली आडवी, जेमतेम दोन पुरुष उंचीवर. पुस्तक सांगतं की उंच, उभी तार आवाज लांब फेकते, हजार किलोमीटर, दोन हजार. बुटकी आडवी तार आवाज सरळ आभाळात फेकते आणि तो फवाऱ्यासारखा आपल्याच मुलखात खाली पडतो. काकांनीही मला तेच शिकवलं होतं. नोकरीत धारणीला असताना त्यांची तार इतकी खाली होती की शिपायाची बायको तिच्यावर गोधड्या वाळत घालायची, आणि अमरावतीला आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा यायचा.

तरी पारख करायची होती, आणि पारख म्हणजे काकांचा कान. अठरा सकाळी मी गच्चीवरच्या दोन्ही तारा आळीपाळीनं जोडून बोलले. काका म्हणाले, "कोनती कोनती हाये मले सांगू नको. फक्त एक आन दोन म्हन. नाव समजलं का कान लबाडी करते." मी खूश झाले. वर्गात मुलांना प्रयोगाची शुचिता शिकवते ती हीच. वहीत रकाने आखले, ते आकडे देत गेले, मी लिहीत गेले. एक नंबर जिंकत होती. रोज.

अठराव्या दिवशी मी सांगितलं, "काका, एक म्हणजे बांबूवरची उंच तार."

ते सेकंदभर गप्प राहणं आता सवयीचं झालं होतं. पण त्या दिवशी ते बराच वेळ गप्प होते. इतका वेळ की मी हाक मारली.

"काका, हे उलटं कसं? तुम्हीच तर सांगितलं होतं, जवळ बोलायचं तर तार खाली."

"कान म्हनते ते लिही," काका म्हणाले.

"वर्ध्याच्या लोकांनाही एकदा विचारू का?"

"माह्या कानावर भरोसा नाई का तुहा?"

मी नाही विचारलं. इथे माझी चूक आहे आणि ती मी कबूल करते. पुस्तक एक सांगत होतं, माझं फिजिक्स तेच सांगत होतं, आणि मी दोघांनाही बाजूला सारून एका माणसाच्या कानावर गेले. बाहेरच्या कुणाला हे मूर्खपणाचं वाटेल. आमच्यात वाटत नाही. आमच्यात दुसऱ्यानं दिलेला आकडा हेच डोळे असतात, कारण आपला आवाज बाहेर कसा पोचला हे आपल्याला स्वतःला कधीच कळत नाही.

उंच तार धारणीला गेली. गुरुजींनी सागाच्या उंच बल्लीवर ती चढवली आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना कोलंबोचा माणूस भेटला. शाळेत वाटायला त्यांनी गोळ्या आणल्या. पण अमरावती लागेना. काकांना फोन केला तर म्हणाले, "सूर्यावर डाग हायेत. आठ दिवसानं होईल." सूर्य बिचारा काय बोलणार.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी अमरावतीला साहेब, त्यांची दोन माणसं, मी आणि माझा रेडिओ. दहा वाजता गुरुजींनी हाक मारायला सुरुवात केली असणार. 'असणार' म्हणते कारण मला ऐकू आली ती फक्त खरखर, आणि तिच्या तळाशी काहीतरी माणसासारखं. मी हाका मारत राहिले. अचानक बारीक आवाजात काका आले. "अमरावती, अकोला. मले धारणी येऊन राहिली. चार-पाच. स्वच्छ."

साहेबांनी मान वर केली. "अकोल्याला ऐकू येतं आणि तुम्हाला नाही?"

काका गुरुजींचा संदेश आम्हाला सांगत होते, पण गुरुजींना काका ऐकू जात नव्हते. म्हणजे धारणीहून अकोल्याला आवाज येतो, अकोल्याहून धारणीला जात नाही, आणि अमरावतीला तर काहीच नाही. साहेब सज्जन होते. त्यांनी अर्धा तास वाट पाहिली, चहा मागवला, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, उपक्रम चांगला आहे. पुन्हा कधी बघू." ते पुन्हा आले नाहीत. गुरुजी तिकडे दोन वाजेपर्यंत हाका मारत होते, हे मला संध्याकाळी फोनवर कळलं. गावातली माणसं शाळेच्या ओसरीवर बसून ऐकत होती. "लोक उठून गेले मॅडम," ते म्हणाले. "पन मी म्हनलं, मॅडम ऐकत असतीन."

घरी येऊन मी कागदावर तीन गावं काढली, बाण काढले, आणि ते बाण कुठल्याही प्रकारे जुळेनात. दुसऱ्या दिवशी न कळवता अकोल्याची बस धरली.

दार सुनेनं उघडलं. "बाबा त्याइच्या खोलीत हायेत," ती म्हणाली. इमारतीच्या गच्चीकडे मी खालूनच पाहिलं होतं, तिथे पाण्याच्या टाक्यांखेरीज काही नव्हतं. खोलीत काका पाठमोरे बसले होते, डोळे मिटलेले, मान डावीकडे, तळहात टेबलावर. समोर रेडिओ नव्हता. म्हणजे होता, पण बाजूला. समोर सुनेचा जुना लॅपटॉप होता आणि आवाज त्यातून येत होता. पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर बंगळूरूचं नाव. कुण्या हौशी माणसानं तिथे आपला रिसीव्हर इंटरनेटवर खुला ठेवलेला, कुणीही घरबसल्या त्याच्या कानानं ऐकावं. गॅलरीत कपडे वाळत घालायची एक तार होती, बनियनांसकट, आणि तिला रेडिओची वायर जोडलेली.

सगळे बाण एका क्षणात जुळले. अठरा सकाळी माझा आवाज अकोल्यानं ऐकलाच नव्हता. तो बंगळूरूनं ऐकला होता, आठ-नऊशे किलोमीटरवरून, आणि इतक्या लांब उंच तार जिंकणारच. आकडे खरे होते. फक्त ते दुसऱ्याच गावचे होते. आणि उत्तराआधीचा तो सेकंद दुःखाचा नव्हता, इंटरनेटच्या वाटेचा होता.

"काका," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं आणि पहिलं काय केलं असेल, तर लॅपटॉपचं झाकण लावलं.

"सोसायटीनं गच्चीवर तार लावू देली नाई," ते म्हणाले. "अथी गॅलरीतून काहीच आयकू येत नाई. लिफ्ट, इन्व्हर्टर, बाराही महिने घूंऽऽ चालू. काय करू मंग?"

"सांगायचं होतं."

"काय सांगू? तायडेची तार गेली मनून? रविवारी सात वाजता एवढे लोक माहा आवाज आयकाले बसते. मी कोनाचा आकडा कशानं देऊ?"

मला त्यांची कीव आली. खरंच आली. पण मला एक गोष्ट विचारायचीच होती. "ज्या दिवशी मी सांगितलं की एक म्हणजे उंच तार, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का, घोळ कुठे झाला ते?"

काकांनी गॅलरीकडे पाहिलं. बनियन वाऱ्यानं हलत होते.

"हो," ते म्हणाले.

मी बसले नाही. चहा आला तो तसाच राहिला. माझ्याशी खोटं बोललेल्यांची यादी लहान नाही, नातेवाईक आहेत, प्राचार्य आहेत, विद्यार्थी तर आहेतच. पण ज्या माणसानं मला खरं बोलायचा आकडा शिकवला, तो अठरा दिवस माझ्या वहीत दुसऱ्याच गावचे आकडे लिहवून घेत होता, आणि ओसरीवरची माणसं उठून जाईपर्यंत थांबला होता.

"कास्देकर गुरुजींना मी आज सांगणार," मी म्हणाले.

काका उठले. माझ्यापुढे हात जोडले. पंच्याहत्तरीला आलेला माणूस. "तू नको सांगू, बेटा. मी सांगतो. माह्या सत्काराले येनार हाये थो. सगळ्यासमोर, माह्या तोंडानं सांगतो. एवढी इज्जत राहू दे माही."

मी हो म्हणाले. चूक स्वतःच्या तोंडानं कबूल करायची संधी माणसाला मिळावी, असं मला तेव्हा वाटलं. धारणीला मात्र मी त्याच आठवड्यात गेले. परतवाड्याहून पुढे जीपनं, मांडीवर पेनांच्या नळ्यांची शिडी घेऊन. गुरुजींना एवढंच म्हटलं, तार बदलू, खाली बांधू. त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. आम्ही दोघांनी ती शाळेच्या कौलांपासून मोहाच्या झाडापर्यंत बांधली. माझ्या घरी रेडिओपाशी बसवून ठेवलेल्या विद्यार्थिनीनं अमरावतीहून उत्तर दिलं तेव्हा गुरुजींनी दोन्ही हातांनी माइक धरला होता.

सत्कार अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात झाला. गुरुजी धारणीहून दोन गाड्या बदलून आले होते, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, गौरव अंक निघाला. काका बोलायला उभे राहिले. खूप सुंदर बोलले, ते नेहमीच बोलायचे. काकूंबद्दल बोलले, पेनांबद्दल बोलले, डॉक्टरांना उभं करून भिजलेल्या तारेचा किस्सा सांगितला. मग म्हणाले, "आता एक गोष्ट सांगाची हाये. धारणीच्या तारेची." मी सरळ बसले. माझं मन त्या क्षणी पूर्ण स्वच्छ झालं होतं, हे मला आठवतं. मी त्यांना सगळं माफ करून टाकलं होतं.

"आमची वंदना," काका म्हणाले, "माह्या पोरीवानी हाये. लय हुशार. पन अठरा दिवस आकडे लिहिले आन एक-दोनचे रकानेच उलटे केले तिनं. उंच तार गेली धारणीले. होते. मानूस हाये. मंग मी म्हनलं, पोरी, तार खाली घे. आज धारणी कशी येऊन राहिली, सांगा."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, मायेनं हसले. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका मॅडम. मी तर एकडाव पाचवीचा निकाल सहावीले लावलता."

मी उठून सांगू शकले असते. वही माझ्या पिशवीत होती. पण व्यासपीठावर शालीतला तो माणूस माझ्याकडे बघून हसत होता, आणि त्या हसण्यात विनंतीही नव्हती. मी उठणार नाही याची त्याला खात्री होती.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यावरून उतरताना त्यांनी माझाच दंड धरला. दोन पायऱ्या उतरून थांबले. "रागावली का? तुह्याजवळ लय वर्षं हायेत. तू भरून काढशीन. माह्याजवळ आता फक्त नाव हाये, बेटा."

"आणि माझं?" मी विचारलं.

ते ऐकूनही त्यांनी पुढची पायरी उतरायला पाय टाकला. मी त्यांना रिक्षापर्यंत नेलं, श्रीफळाची पिशवी आत ठेवली, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. ते आत बसून सगळ्यांना हात हलवत होते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला मी रेडिओ लावला. काकांनी हजेरी सुरू केली. वर्धा झालं, यवतमाळ झालं, डॉक्टरांना आकडे मिळाले. मग त्यांनी अमरावतीला हाक मारली. माइक माझ्या हाताशी होता. त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी गावाचं नाही, माझं नाव घेऊन. मी आवाज थोडा वाढवला. तिसऱ्यांदा हाक मारताना त्यांचा स्वर थोडा हलला, आणि ते मला बारीक पण अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"अमरावती आयकून नाई राहिली आज," काका म्हणाले, आणि त्यांनी धारणीला हाक मारली. गुरुजी लगेच बोलले.